मॉर्मन मंदिरात बाहेरच्यांना प्रवेश का नसतो? आत नेमकं काय चालतं?

मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. मी स्वतः मॉर्मन नाही. नोकरीमुळे काही वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात राहिलो, शेजारी आणि ऑफिसातले बरेचसे त्याच पंथाचे होते, म्हणून थोडंफार सांगू शकतो.

दर रविवारची प्रार्थना मंदिरात होत नाही. ती साध्या चॅपलमध्ये होते आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकतं. मंदिर रविवारी बंदच असतं. ते आहे ठरावीक विधींसाठी, आणि हे विधी घडत गेले ते जोसेफ स्मिथच्या हयातीत.

त्याने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. पहिलं मंदिर 1836 मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला झालं, पण आजचे बरेचसे विधी तेव्हा नव्हतेच. खरा बदल झाला इलिनॉयमधल्या नॉवूला. बाप्तिस्मा न घेता वारलेल्यांसाठी जिवंत माणसाला तो घेता येतो, असं स्मिथने 1840 साली सांगितलं आणि लोक मिसिसिपीच्या पाण्यात उतरून मेलेल्या आईबापांच्या नावाने बाप्तिस्मा घेऊ लागले. 1844 मध्ये जमावाने स्मिथला कार्थेजच्या तुरुंगात मारलं. गाव सोडावं लागणार हे अनुयायांना कळून चुकलं होतं, तरी ते नॉवूचं मंदिर बांधत राहिले. 1845-46च्या हिवाळ्यात पाच हजारांहून जास्त लोकांनी तिथे विधी उरकले आणि ते पश्चिमेकडे निघाले. 1848 मध्ये कोणीतरी ती इमारत पेटवून दिली.

सोडूनच जायच्या इमारतीसाठी एवढं राबायचं कशाला? कारण त्यांच्या श्रद्धेनुसार नवरा-बायको आणि मुलं यांचं नातं मृत्यूनंतरही टिकवणारा विधी, ज्याला ते 'सीलिंग' म्हणतात, मंदिरातच होतो. 'एन्डाउमेंट' नावाच्या दुसऱ्या विधीत सृष्टीची आणि आदम-हव्वेची कथा सांगत देवापुढे वचनं घेतली जातात. स्मिथ 1842 मध्ये फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणाऱ्या एका बंधुसंघटनेचा सदस्य) झाला आणि काही आठवड्यांतच त्याने हा विधी सुरू केला. दोन्हींतलं साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही.

हे सगळे विधी मृतांसाठीही होतात. आपल्याला पिंडदान आठवेल, पण फरक मोठा आहे: तो विधी स्वीकारायचा की नाकारायचा हे त्या आत्म्याने ठरवायचं असतं. वंशावळी खणून काढण्याचं त्यांचं वेड यातूनच आलंय. 'फॅमिलीसर्च' ही फुकट वेबसाइट याच चर्चची. हे वेड अंगाशीही आलं. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावाने बाप्तिस्मे झाल्याचं उघड झालं, संताप उसळला आणि 1995 मध्ये चर्चला ते थांबवायचं कबूल करावं लागलं.

आत जायला बिशपला, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाला, मुलाखत देऊन परवाना घ्यावा लागतो. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, दारू-तंबाखू बंद, चहा-कॉफीसुद्धा बंद. सदस्य असूनही कृष्णवर्णीयांना 1978पर्यंत एन्डाउमेंट आणि सीलिंग हे विधी नाकारले जात होते, हे चर्चच्या इतिहासातलं मोठं लांछन. मला सर्वात खुपतं ते लग्न: मुलगा मॉर्मन झाला आणि आईवडील झाले नाहीत, तर ते बाहेर बाकावर बसून राहतात. 2019 पासून आधी सगळ्यांसमोर नोंदणी लग्न करून लगेच मंदिरात जाता येतं. पूर्वी अमेरिकेत त्यासाठी वर्षभर थांबावं लागे.

तुम्हाला आतून बघायचंच असेल तर एक वाट आहे. नवीन मंदिर समर्पित होण्याआधी काही दिवस सर्वांना खुलं ठेवतात, तिकीट नसतं. भारतातलं पहिलं बंगळुरूला, 2018 साली जाहीर झालेलं आणि डिसेंबर 2020 मध्ये बांधायला घेतलेलं.