आधी काच बघ, मग रंग

प्रिय डॉक्टर,

प्रोस्टेटच्या बायॉप्सीत तीन-चार संशयास्पद ग्रंथी दिसल्या की लगेच आयएचसी (पेशींतली ठराविक प्रथिनं अँटिबॉडीने रंगवून दाखवणारी चाचणी) मागवायची सवय आत्ताच मोड. आधी एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाची स्लाइड, नीट बघ. बारीक ग्रंथी निरोगी ग्रंथींच्या फटीतून घुसल्यात का, न्यूक्लिओलाय (पेशीच्या केंद्रकातले ठिपके) ठळक आहेत का? मार्करला, म्हणजे आयएचसीत रंगवल्या जाणाऱ्या प्रथिनाला, प्रश्न विचारायचा तर तो प्रश्न आधी आपल्याकडे असायला हवा.

शिवाय ब्लॉक (मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा) पुरवून वापरायचा असतो. कोअर, म्हणजे सुईने काढलेला तुकडा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. पुन्हा ट्रिम करताना, म्हणजे वरचा थर कापून काढताना, नेमका संशयित ग्रंथींचा पुंजकाच उडतो. म्हणून पहिल्याच कटिंगला, लेव्हलच्या (ब्लॉकच्या वेगवेगळ्या खोलीच्या कापांच्या) मधले दोन-तीन सेक्शन (पातळ काप) चार्ज्ड, म्हणजे काप घट्ट धरून ठेवणाऱ्या, स्लाइडवर न रंगवता कोरे ठेवायला टेक्निशियनला सांगून ठेव.

आयएचसीच्या कॉकटेलमध्ये, म्हणजे एकाच स्लाइडवर लावलेल्या तीन मार्करच्या मिश्रणात, पी63 बेसल पेशींच्या न्यूक्लियसला तपकिरी करतो, हाय मॉलिक्युलर वेट केराटिन त्यांच्या सायटोप्लाझमला, आणि कॅन्सरमध्ये सहसा वाढणारा एएमएसीआर लाल येतो. निरोगी ग्रंथीला बेसल पेशींचं (ग्रंथीच्या बाहेरच्या थराचं) तपकिरी कडं असतं. कॅन्सरला ते नसतं, आत दाणेदार लाल दिसतं. पण नजर आधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी ग्रंथीवर जाऊ दे. तिलाच कडं नसेल तर स्टेन फसलाय, संशयित ग्रंथीला कडं नसण्याला काही अर्थ नाही. पार्शियल अ‍ॅट्रॉफी आणि अ‍ॅडिनोसिस या कॅन्सर नसलेल्या बदलांमध्ये कडं तुटक असतं, एखाद्या ग्रंथीला अजिबात नसतं. हाय ग्रेड पिनही (कॅन्सरपूर्व बदलही) लाल होतं. खरा चकवा नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमाचा: लाल आहे, कडं बहुधा नाही, आणि तरी कॅन्सर नाही. तिथे पॅक्स8 हा मार्कर लाव, नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमात तो पॉझिटिव्ह येतो. उलट फोमी ग्लँडचा (फेसाळ दिसणाऱ्या पेशींचा) कॅन्सर कधी कधी लाल होतच नाही.

स्क्रीनवर रिपोर्टिंग करताना स्कॅन 40एक्सवर, म्हणजे पिक्सेलला साधारण 0.25 मायक्रॉन, असू दे. काचेवरचे तुकडे मोज आणि स्क्रीनवर तेवढेच आहेत का ते बघ. फिकट, सुटा तुकडा स्कॅनरला कधी दिसतच नाही, आणि जे स्कॅन झालं नाही ते एआयही वाचत नाही. सेक्शनला पट पडला किंवा बुडबुडा राहिला की फोकस हलतो. न्यूक्लिओलाय अस्पष्ट वाटले तर झूम वाढवत बसू नकोस, पुन्हा स्कॅन मागव. अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये पेज प्रोस्टेट या एआय सॉफ्टवेअरला मान्यता दिली ती संशयाची जागा दाखवण्यापुरती, सही तुझीच.

दोन ग्रंथींवर अडलंच तर ‘एटिपिकल स्मॉल असिनार प्रोलिफरेशन’ (संशयास्पद, पण कॅन्सर म्हणण्याइतका पुरावा नाही) लिही आणि यूरॉलॉजिस्टला स्वतः फोन कर. तेवढ्यावर कोणी प्रोस्टेट काढायला घेत नाही, पुन्हा बायॉप्सी करायची का याचा विचार होतो.