कार्नीचं पदक १८६३ चं की १९०० चं?

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या विल्यम कार्नी ह्या कृष्णवर्णीय सैनिकावर लेख लिहिताना त्याच्या पदकाची दोन वेगळी सालं सापडली आणि ‘तो पहिला कृष्णवर्णीय मानकरी’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. मी नेमकी इथेच चुकले होते.

यादवी युद्ध, कार्नी ज्या कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणीत होता ती ५४वी मॅसॅच्युसेट्स वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. वॅग्नर किल्ल्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊनही त्याने झेंडा सोडला नाही, ती तारीख १८ जुलै १८६३. मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक त्याला जाहीर झालं २३ मे १९०० ला. म्हणजे दोन्ही सालं बरोबर. मी मात्र मधली जवळजवळ ३७ वर्षं न बघताच ‘हे पदक मिळालेला पहिला कृष्णवर्णीय’ असं दिवाळी अंकात लिहून मोकळी झाले. कृष्णवर्णीय मानकऱ्यांमध्ये त्याचा पराक्रम सर्वांत आधीचा, पण नौदलातल्या रॉबर्ट ब्लेकला पदक १८६४ मध्ये आणि ख्रिश्चन फ्लीटवुडला १८६५ मध्येच मिळालं होतं. एका वाचकाने चूक कळवली तोवर अंक घरोघरी गेला होता. ते वाक्य अजून लोक माझ्या नावाने पुढे पाठवतात, ह्याचा त्रास होतो.

दुसरा फटका कागदांचा. जुनी कागदपत्रं मिळवून देणाऱ्या एका संस्थेला मी पैसे भरले. तीन महिन्यांनी भलत्याच कार्नीची पेन्शन फाईल आली, परतावा नाही, उत्तरही नाही. कुणावर विसंबू नका, थेट वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मागा. नावापुढे ५४वी मॅसॅच्युसेट्स, कंपनी ‘सी’ असं लिहाच. सेवेची नोंद आणि पेन्शन फाईल वेगवेगळ्या मागवाव्या लागतात. मी मागवलं तेव्हा फॉर्म ८६ आणि ८५ होते, आता बदल झाला असल्यास तपासून घ्या.

मी इतिहासकार नाही, पण माझं मत ठाम आहे: लेख झेंड्यापाशी संपवू नका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, कृष्णवर्णीय शिपायांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे. पलटणीने तो पगार घ्यायलाच नकार दिला. अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) समान वेतन मान्य केलं जून १८६४ मध्ये, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला जखमांमुळे कार्नीची सेवा संपली. पुढे न्यू बेडफर्डमध्ये ३० वर्षांहून अधिक काळ त्याने टपाल वाटलं. पदक आलं तेव्हाही तो पोस्टमनच होता. ह्या काळावर फार कमी लिहिलं जातं.

पेन्शन फाईल मिळाली तर इथे जरूर सांगा. मला ती अजून बघायची आहे.