कॅमेऱ्याची पारख

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले तिन्ही रिव्ह्यू मिळाले. रिव्ह्यू मी दोनदा पाहिले, एकदा तुझे निवेदन ऐकत आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. तू दोन प्रश्न विचारले आहेस. इंटरनेटवर कॅमेऱ्यांची परीक्षणे करणे ही कला म्हणायची का, हा पहिला. आणि पहिल्या लघुपटासाठी कोणती उपकरणे घ्यावीत, हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये तू एक मोठी रेघ ओढली आहेस, म्हणजे तुला ते वेगळे वाटत असावेत. मला ते एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात, म्हणून या पत्रात ती रेघ मी पाळणार नाही.

पहिला प्रश्न विचारताना तू दुखावलेला दिसतोस. 'दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रांबद्दल बोलण्यात कसली आली आहे कला?' असे तुला कोणीतरी सुनावले आहे. त्या बोलण्यातला तुच्छतेचा सूर मला मान्य नाही. चांगले परीक्षण हे कष्टाचे आणि प्रामाणिकपणाचे काम आहे. एकाच खोलीत, एकाच प्रकाशात, त्याच चेहऱ्यावर चार लेन्स लावून पाहायच्या, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) एकेक पायरी वाढवत सावलीतला नॉइज, म्हणजे चित्रात उमटणारे दाणे, नोंदवायचा आणि जे दिसले तेवढेच सांगायचे, यासाठी शिस्त लागते. आपला 'पारख' हा शब्द 'परीक्षा' या शब्दापासूनच आला आहे. सोन्याचा कस पाहणारा पारखी नसेल तर पितळही सोने म्हणून खपेल, तेव्हा त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तरीही कसोटीच्या दगडावर उमटलेली रेघ कितीही खरी असली तरी ती गळ्यात घालता येत नाही, आणि तुझा प्रश्न नेमका तिथे येऊन थांबतो.

मात्र पारखी आणि कारागीर यांच्यामध्ये पक्की भिंत आहे असे मी म्हणणार नाही, कारण चित्रपटाची सुरुवातच मुळी यंत्राच्या प्रात्यक्षिकातून झाली आहे. हलती चित्रे टिपून पडद्यावर दाखवणारे यंत्र बनवणाऱ्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी १८९५ च्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये जाणकारांपुढे जी चित्रफीत दाखवली, ती आपले यंत्र काय करू शकते हे पटवण्यासाठी होती. तीत त्यांच्याच कारखान्यातले कामगार काम संपवून फाटकाबाहेर पडतात, एवढेच आहे. आणि तो कारखानाही छायाचित्रे टिपण्यासाठी रसायन लावलेल्या काचा बनवणारा. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एका कॅमेऱ्याचा डेमो होता. दादासाहेब फाळके यांचेही तसेच. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळवला, तेव्हा चित्रपटासाठी पैसे घालायला कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि महिनाभर एकेक फ्रेम टिपत त्या रोपाची वाढ चित्रित केली. पडद्यावर मिनिटभरात बी अंकुरले, कोंब वर आला, वेल चढला. ती चित्रफीत बघितल्यावर कर्ज द्यायला माणसे पुढे आली आणि १९१३ मध्ये त्यांचा पहिला कथापट प्रदर्शित झाला.

या दोन्ही चित्रफिती हेतूने चाचणीच होत्या. पण फाळक्यांनी रेषा आणि चौकटी काढलेला तक्ता कॅमेऱ्यापुढे ठेवला नाही. जे डोळ्यांना एरवी कधीच दिसत नाही आणि फक्त याच यंत्राने दाखवता येईल, ते त्यांनी निवडले. त्या निवडीत चित्रपटकार दिसतो. लुमिएर यांच्या फाटकातून कामगारांबरोबर एक कुत्रा आणि सायकलही बाहेर येते, आणि आज ती चित्रफीत पाहताना यंत्राचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. आपण त्या माणसांच्या चालण्याकडे पाहत राहतो. यंत्र संग्रहालयात गेले, चालणे राहिले. म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या कॅमेऱ्याचा रिव्ह्यू आहे तो कॅमेरा बाजारातून गेल्यावर त्या रिव्ह्यूत पाहण्यासारखे काय उरते? काही उरत नसेल तर ते उपयुक्त काम होते आणि त्याचा उपयोग संपला, यात कमीपणा नाही. उरत असेल तर जे उरले आहे त्याला खुशाल कला म्हण.

कॅमेरा फिरत्या चकतीवर ठेवून, कडेने मंद प्रकाश टाकून, लेन्सच्या काचेवरून सरकणारी चमक दाखवणारे रिव्ह्यू तुला फार आवडतात असे दिसते, कारण तुझ्या दुसऱ्या रिव्ह्यूची पहिली दोन मिनिटे त्यातच गेली आहेत. त्यात कौशल्य आहे. प्रकाशयोजना शिकायला तो चांगला सराव आहे. परंतु ते कौशल्य जाहिरातीचे आहे, कारण त्या सगळ्या सौंदर्याचे म्हणणे एकच असते, आणि ते म्हणजे ही वस्तू हवीशी आहे.

आता तुझ्या तिसऱ्या रिव्ह्यूबद्दल. सहाव्या मिनिटाला तू ऑटोफोकसची चाचणी घेतली आहेस. तुझी धाकटी बहीण खोलीच्या टोकाला खुर्चीवर बसली आहे आणि तू खूण करताच ती उठून कॅमेऱ्याकडे चालत येते. पहिली तीन पावले ती चाचणीसाठीच टाकते, हात अंगाशी घट्ट धरून आणि हसू दाबत. मग आतून तिला कोणीतरी हाक मारली असावी. ती थबकते, मान वळवते, आणि पुन्हा लेन्सकडे पाहते तेव्हा चेहऱ्यावर हसू नसते. हाक कशासाठी आहे हे तिला ठाऊक आहे आणि तिला जायचे नाही, एवढे त्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येते. हे सगळे नऊ सेकंदांत घडते. त्या नऊ सेकंदांवर तुझे निवेदन असे आहे: 'पाहा, डोळ्यावरचा फोकस एकदाही सुटला नाही.' तो खरोखरच सुटला नाही. पण फोकस कशावर होता हे तू पाहिलेच नाहीस, आणि ती हाक तुझ्या आवाजाखाली दबून गेली. मी आवाज बंद करून पाहत होतो म्हणून मला ती दिसली. तुझ्या तिन्ही रिव्ह्यूंमध्ये मिळून जेवढा चित्रपट आहे तेवढा या नऊ सेकंदांत आहे, आणि तो तू टिपला आहेस, हे मी मनापासून सांगतो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी येथूनच सुरू करतो. उपकरण निवडताना कॅमेऱ्यांच्या यादीपासून निघू नकोस, शॉटपासून नीघ. लघुपटातले जे सहा-सात शॉट वगळले तर चित्रपटच उरणार नाही, ते आधी कागदावर उतरव. प्रत्येकापुढे लिही की प्रकाश कुठला असेल, माणूस किती हलेल, कॅमेरा हलणार की स्थिर राहणार, आणि आवाज कुठून येईल. '२८ डेज लेटर' हा २००२ चा चित्रपट बहुतांशी कॅनन एक्सएल१ या लहान डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाला. त्या काळीही मोठ्या पडद्याच्या मानाने त्याचे चित्र भरडच होते. मात्र तो बनवणाऱ्यांना पहाटे लंडनचे निर्मनुष्य रस्ते हवे होते, ते रस्ते थोडा वेळच रिकामे मिळत होते, आणि लहान कॅमेरे एकाच वेळी अनेक ठिकाणी झटपट लावता येत होते. त्याच चित्रपटाचा शेवटचा भाग ३५ मिमी फिल्मवर आहे, कारण तिथे वेगळे दृश्य हवे होते. कॅमेरा कोणता, हे त्या रिकाम्या रस्त्यांनी ठरवले.

तुझ्या पत्रात कॅमेऱ्यांची अकरा नावे आहेत आणि माईकचे एकही नाही. हे वाचून मला माझा पहिला माहितीपट आठवला. एका वृद्ध वादकाची मुलाखत घ्यायला मी गेलो होतो. खिडकीतून सुंदर प्रकाश येत होता, कॅमेरा सहा फुटांवर होता आणि आवाजासाठी कॅमेऱ्यावरचाच माईक पुरेल असे मी धरून चाललो होतो. डोक्यावर पंखा फिरत होता, पण कानांना त्याची सवय झाल्याने तो मला ऐकूच आला नाही. घरी येऊन ऐकतो तर त्यांचा प्रत्येक शब्द घरघरीत बुडालेला. मी पुन्हा गेलो. त्यांनी तेच सगळे न कंटाळता सांगितले; परंतु गुरूंच्या मृत्यूची गोष्ट सांगताना पहिल्या वेळी त्यांचा जो आवाज फाटला होता, तो या वेळी फाटला नाही. तो कायमचा गेला. मोकळ्या जागेत माईकचे अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. सहा फुटांवरचा माईक मी दीड फुटावर आणला असता तर त्यांचा आवाज साधारण १२ डेसिबलने वर आला असता आणि पंखा होता तेवढाच राहिला असता. यासाठी भारी माईक लागला नसता. एक साधा माईक, लांब वायर आणि कानांवर हेडफोन एवढे पुरले असते. म्हणून आधी आवाजाची सोय कर आणि उरलेल्या रकमेत कॅमेरा बसव. शूटिंगच्या वेळी हेडफोन कानांवरून काढू नकोस.

कॅमेऱ्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण गेल्या काही वर्षांत आलेला जवळजवळ कोणताही कॅमेरा तुझ्या कामाला पुरेल. तू १०-बिटसाठी अडून बसला आहेस. ८-बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळतात आणि १०-बिटमध्ये १०२४, हे खरे आहे. लॉग प्रोफाइलमध्ये, म्हणजे रंग मुद्दाम फिके ठेवून, चित्रण करून नंतर कलर ग्रेडिंगमध्ये रंग बरेच ओढणार असशील तर हा फरक आकाशात किंवा कोऱ्या भिंतीवर पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. पण रंग चित्रणाच्या वेळीच नीट ठरवलेस तर तो सहसा दिसणार नाही. ४के चित्रात फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे संकलनात फ्रेम कापायला वाव मिळतो. मात्र सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने चित्रण केलेस तर तासाला सुमारे ४५ जीबी भरतात, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हटले तर ९०. मेमरी कार्डे, हार्ड डिस्क आणि जादा बॅटऱ्या यांचा हिशेब कॅमेऱ्याच्या किमतीतच धर. दिवे घेताना ते तुझ्या शटरवर लुकलुकत नाहीत ना, हे चित्रण करूनच तपास. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलेले बरे. लेन्स मात्र विचार करून घे. कॅमेरा चार-पाच वर्षांत बदलतो, चांगली लेन्स त्याहून पुष्कळ वर्षे सोबत राहते. आणि पहिल्या लघुपटासाठी एकच लेन्स वापरलीस तर कुठे उभे राहायचे हे तुझे पाय शिकतील.

हे सगळे ठरवताना दुसऱ्यांचे रिव्ह्यू जरूर पाहा, फक्त ते कोणत्या परिस्थितीत बनतात हे तूच आता आतून जाणतोस. कॅमेरा थोड्या दिवसांसाठी हाती आलेला असतो आणि कंपनीने ठरवून दिलेल्या तासाला सगळ्यांचे रिव्ह्यू एकदम बाहेर पडतात. पाच दिवसांत बटणांची जागा कळते. पडद्याची बिजागरी सैल होते का, उन्हात तासभर चालवल्यावर कॅमेरा तापून बंद पडतो का, हे कळत नाही. वर्षभर वापरून कुरकुर करणाऱ्या माणसाचे दहा मिनिटांचे बोलणे पहिल्या दिवसाच्या दहा रिव्ह्यूंपेक्षा मोलाचे असते. आणि एक लक्षात घे, की इंटरनेटवर चढवलेला व्हिडिओ पुष्कळ दाबून लहान केलेला असतो. दोन कॅमेऱ्यांमधला बारीक फरक फोनवर पाहून ठरवणे म्हणजे जो तपशील तुझ्यापर्यंत पोहोचलेलाच नाही त्यावर निवाडा देणे. शक्य असेल तर दोन दिवसांसाठी कॅमेरा भाड्याने किंवा उसना घे, त्या कागदावरचे दोन शॉट स्वतः चित्रित कर आणि मूळ फाईल मोठ्या पडद्यावर पाहा.

रिव्ह्यू करणे थांबव असे मी सांगत नाही. तुझी पारख चांगली आहे आणि ती तुला कारागीर म्हणूनही उपयोगी पडेल. पुढच्या वेळी चाचणीसाठी कोणाला कॅमेऱ्यापुढे उभे करशील तेव्हा त्याला करायला एखादे खरे काम दे आणि शॉट संपेपर्यंत गप्प राहा. फोकसबद्दल नंतर बोलता येईल. तुझ्या यादीतला कॅमेरा आज मी निवडून देत नाही. आधी शॉटचा तो कागद पाठव. त्यासोबत बहिणीच्या त्या नऊ सेकंदांची मूळ फाईलही पाठव, निवेदन चढवण्याआधीची, आवाजासकट. तिला हाक कोणी मारली होती आणि ती मग गेली का, तेही कळव.

तुझा हितचिंतक