ब्रिटिश काळात एडनच्या इस्पितळांत नेमकं काय काम चालायचं?

पणजोबा एडनला हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे सरकारी इस्पितळातले दुय्यम डॉक्टर, होते असं तुमच्या घरात सांगतात, आणि मुंबई इलाख्यातला माणूस अरबस्तानातल्या इस्पितळात कसा पोचला, तिथे काय करत असेल, असा तुमचा प्रश्न आहे. मुंबईतल्या साथींबद्दल मी बरंच वाचत असतो, त्यात एडन सारखं आडवं येतं, म्हणून लिहितो.

पोचण्यात नवल काही नाही. एडन मुंबई इलाख्यातच होतं. जानेवारी १८३९ मध्ये कंपनीच्या फौजेने ते घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. चलन रुपयाचं, कायदे हिंदुस्थानचे. वासुदेव बळवंत फडक्यांना धाडलं तेही एडनच्याच तुरुंगात. त्यामुळे पुण्या-अहमदाबादच्या मेडिकल स्कुलातून निघालेल्या असिस्टंटाची बदली एडनला होणं म्हणजे सरकारी नोकरीतली एक बदली, एवढंच. घरच्यांना ती काळ्या पाण्यासारखी वाटली असेल, हा भाग वेगळा.

इस्पितळ मात्र एक नव्हतं. कोणतं इस्पितळ कुणासाठी, हे ते कुठे बांधलं यावरूनच कळतं. स्टीमर पॉइंटला बोटी लागायच्या, तिथली सोय गोऱ्या सैनिकांची आणि बोटीवरच्या आजाऱ्यांची. क्रेटर, म्हणजे थंडावलेल्या ज्वालामुखीच्या पोटातलं गाव, तिथलं सिव्हिल हॉस्पिटल गावकऱ्यांचं आणि कोळसा वाहणाऱ्या सोमाली-येमेनी हमालांचं: ताप, हगवण, पायाला झालेल्या जखमा. १८६९ ला सुएझ उघडल्यावर बोटी वाढल्या आणि बंदराच्या डॉक्टरचं काम बरं करण्यापेक्षा अडवण्याचं जास्त झालं. १८९६ ला मुंबईत प्लेग फुटल्यावर तर मुंबईहून आलेली प्रत्येक बोट संशयित. एवढं करूनही १९०० मध्ये प्लेग एडनला पोचलाच.

मला सगळ्यात रस आहे तो शेख उस्मानमध्ये. एडनपासून साधारण १६ किलोमीटरवर, लाहेजच्या सुलतानाकडून १८८२ मध्ये विकत घेतलेलं हे गाव. आतल्या मुलखातून येणारे उंटांचे तांडे इथे थांबायचे. हे हेरून आयन कीथ-फाल्कनर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८८६ मध्ये इथे मिशनचा दवाखाना काढायचं ठरवलं. हा केंब्रिजचा अरबीचा प्राध्यापक, आणि त्याआधी सायकलच्या शर्यती गाजवलेला गडी. गावाला विहिरी, बागा. म्हणजे डासही आलेच. तापाने त्याला धरलं ते सोडलं नाही. मे १८८७ मध्ये तो गेला, तेव्हा वय फक्त ३०. दवाखाना पुढे त्याच्याच नावाने चालू राहिला आणि त्याचं इस्पितळ झालं.

इथे येणारा रोगी दवाखान्याआधी गावठी उपाय करूनच यायचा. अरबस्तानात पोटदुखीपासून काविळीपर्यंत सगळ्यावर तापल्या लोखंडाने डागायची पद्धत. आपल्याकडे पोरांना बिब्बा घालायचे, त्यातलाच प्रकार. म्हणजे डॉक्टरपुढे मूळ दुखणं आणि वर भाजल्याची जखम, असे दोन्ही. नडगीवरचं चिघळलेलं क्षत तर इतकं नेहमीचं की वैद्यकात त्याला एडनचंच नाव पडलं. नारू, डोळ्यांच्या खुपऱ्या, टोळ्यांच्या भांडणात लागलेल्या गोळ्या हेही होतंच. असलं क्षत भरायला आठवडे लागायचे, आणि तेवढे दिवस उंट आणि माल सोडून बसणं कुणाला परवडणार?

औषधाआधी बायबल वाचून दाखवायची मिशनची रीत होती. लोक ते ऐकून घ्यायचे आणि औषध घेऊन निघायचे. धर्मांतरं जवळजवळ झालीच नाहीत. मला विचाराल तर आतल्या मुलखातल्या माणसाला सरकारी इस्पितळांपेक्षा याच दवाखान्याचा उपयोग जास्त झाला, आणि तो बांधणाऱ्यांच्या मूळ हेतूला बगल देऊन झाला.

मोठं सरकारी इस्पितळ फार उशिरा आलं. १९५४ मध्ये एलिझाबेथ राणीने एडनच्याच खोरमक्सर भागात पायाभरणी केली. आता ते अल्-जुम्हूरिया म्हणून ओळखतात. तुमचे पणजोबा अर्थातच त्याच्या कितीतरी आधीचे.

त्यांचा माग काढायचा असेल तर आधी साल पक्कं करा. १९३२ च्या आधीचं असेल तर काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. एडन रेसिडेन्सीचे, म्हणजे तिथल्या इंग्रज कारभाऱ्याच्या कचेरीचे, कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. 'हॉस्पिटल असिस्टंट' हे पद पुढे 'सब-असिस्टंट सर्जन' झालं, तेव्हा दोन्ही नावांखाली शोधा.