मंत्रिपदाचं विचारलंस म्हणून

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

झेडपीवर निवडून आलीस, पेढे पोचले. पत्राच्या शेवटी हळूच विचारलंयस, की आमदारकी आणि पुढे मंत्रिपद यासाठी आत्तापासून काय तयारी करू? मी पुढारी नव्हे. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. मंत्री सभागृहात जी उत्तरं देतात त्यांचे मसुदे आम्ही लिहायचो, एवढाच माझा राजकारणाशी संबंध. पण त्या टेबलावरून माणसं बरीच कळतात.

आधी हिशेब बघ. विधानसभेत आमदार २८८. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ १५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. त्यात जिल्हे, जाती, गट, मित्रपक्ष सगळे बसवायचे. शपथविधीच्या आदल्या रात्री फोनकडे डोळे लावून बसलेले आणि सकाळी 'मी नाराज नाही' म्हणून सांगत फिरणारे आमदार दर वेळी दिसतात. जे आपल्या हातात नाही त्यावर आयुष्य बेतू नये.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच गणपतराव देशमुख घे. सांगोल्यातून शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) तिकिटावर १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, ते २०१४ पर्यंत अकरा वेळा. मंत्रिपद दोनदाच. पहिलं १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात, ते सरकार दीडेक वर्षात बरखास्त झालं. दुसरं १९९९ मध्ये, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक हयात विरोधी बाकावर. १९९५ ला तर १९२ मतांनी पडले. मंत्री नसताना स्वस्थ बसले का? नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा घेतल्या, टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालंच पाहिजे हा धोशा वर्षानुवर्षं लावून धरला. सांगोल्यात सूतगिरणी उभी केली. ते एसटीनं फिरायचे हे लोक कौतुकानं सांगतात. (तेवढंच उचलून एसटीच्या खिडकीत फोटो काढणारेही पुष्कळ निघाले.)

तू उचलायचीस ती सभागृहातली कामाची पद्धत. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, कसा लिहितात बघ. 'अमुक तालुक्यात पाणीटंचाई आहे, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?' असा मोघम प्रश्न आला की आमचा जीव भांड्यात पडायचा. पहिल्या भागाला 'हे खरे नाही', पुढच्या दोन्हींना 'प्रश्न उद्भवत नाही', की झालं उत्तर तयार. मात्र प्रश्नात गावाचं नाव, योजनेचं नाव, प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि आजवर खर्ची पडलेली रक्कम असली, की सगळी शाखा कामाला लागायची. जिल्ह्याला फोन, जुनी फाईल शोधा, मग 'हे अंशतः खरे आहे' असं लिहावंच लागायचं. त्या 'अंशतः'मध्ये आमदारानं उपप्रश्नाची पाचर मारायची असते. यादीत प्रश्न ढीगभर असतात, प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजकेच पुकारले जातात, म्हणून लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणं), अर्धा तास चर्चा (आधीच्या उत्तरातल्या मुद्द्यावर), कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीतून रक्कम कापायची सूचना) ही आयुधंही यायला हवीत. नियमांचं पुस्तक सगळ्यांना मिळतं, वाचणारे थोडे.

आणि उद्या खरंच मंत्री झालीस तर खात्याला नाक मुरडू नकोस. आर. आर. आबा (आर. आर. पाटील) तुझ्यासारखेच झेडपीतून वर आले. १९९९ ला त्यांना ग्रामविकास मिळालं. गृह-महसूलपुढं त्या खात्याला फारसा भाव नव्हता. तिथूनच २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं आणि गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली. पुढे गृहखातं मिळालं, तेच २००८ मध्ये मुंबई हल्ल्यानंतर सोडावं लागलं. मोठं खातं म्हणजे मोठी जोखीम, हे माझं मत.

सहीचंही सांगून ठेवतो. फाईल कक्ष अधिकाऱ्यापासून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत तुझ्यापुढं येईल. सगळ्यात वरचा कागद वाचून 'मान्य' लिहू नकोस. खालची पहिली टिपणी वाच, खरी हरकत बहुधा तिथंच असते. वित्त विभागाची सहमती आहे का बघ. कार्यकर्ते निवेदन घेऊन येतील, त्यावर 'तपासून सादर करावे' असा शेरा मारून त्यांना खूश करता येतं. त्या शेऱ्यानं कुणाचं काम होत नाही, हे त्यांना चार महिन्यांनी कळतं. होणार नसेल तर तोंडावर नाही म्हण. मतं दोन-चार जातील.

हे सगळं लांबचं. आत्ता तुमच्या सर्वसाधारण सभेपुढं टंचाईचा विषय येईल. आराखड्याची प्रत आधीच मागून घे. टँकरच्या खेपा लॉगबुकात किती लिहिल्यात ते गावातल्या बायकांना विचारून ताडून बघ, आणि ज्या गावात आकडा जुळत नाही त्याचं नाव घेऊन सभेत प्रश्न विचार. उत्तर लेखी माग. मिळालं की मला पाठव, कुठं पळवाट ठेवलीय ते मी सांगतो.

तुझा,
काका