ब्राउझरमधले कुलूप कुठपर्यंत?

प्रश्न : आमचे अॅप एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये आहे. पुढे अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटणारी सेवा), त्यावर एचटीटीपीएसचे 443 पोर्ट आणि सर्टिफिकेट. मागे साध्या एचटीटीपीच्या पोर्ट 80 वर दोन सर्व्हर आणि आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचा) पोस्टग्रेस डेटाबेस. ब्राउझरमध्ये कुलूप दिसते, तरी ऑडिटरने 'वाहतुकीतला डेटा पूर्ण एन्क्रिप्ट होत नाही' असा शेरा मारला. क्लाउडच्या आतले ट्रॅफिक आपोआप एन्क्रिप्ट होते ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेरा बरोबर आहे. कुलूप फक्त ब्राउझर ते लोड बॅलन्सर या टप्प्याबद्दल बोलते. टीएलएस, म्हणजे हे एन्क्रिप्शन करणारी पद्धत, तिथे संपते आणि पुढची विनंती, लॉगिनच्या कुकीसकट, साध्या एचटीटीपीने जाते. तुम्ही ऐकलेलेही खोटे नाही. एडब्ल्यूएसच्या नायट्रो पिढीतल्या अनेक इन्स्टन्समध्ये (भाड्याच्या सर्व्हरांत), एकाच व्हीपीसीतले (क्लाउडमधल्या खासगी नेटवर्कमधले) ट्रॅफिक हार्डवेअरच एईएस-256 ने एन्क्रिप्ट करते. मात्र वाटेत लोड बॅलन्सर किंवा ट्रान्झिट गेटवे (नेटवर्क जोडणारी सेवा) आला की ती सोय आपोआप लागू होते असे धरता येत नाही. तुमच्या मांडणीत लोड बॅलन्सर आहेच.

आधी लोड बॅलन्सर ते सर्व्हर हा मधला टप्पा. जुन्या टार्गेट ग्रुपचा (लोड बॅलन्सरमागच्या सर्व्हरांच्या गटाचा) प्रोटोकॉल बदलता येत नाही, म्हणून एचटीटीपीएस-443 चा नवा ग्रुप करा. सर्व्हरवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सेल्फ-साइन्ड (स्वतःच बनवलेले) सर्टिफिकेट चालेल, कारण हा लोड बॅलन्सर मागच्या सर्टिफिकेटची खातरजमा करतच नाही. म्हणजे मजकूर झाकला जातो, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे हे सिद्ध होत नाही. तेही हवे असेल तर नेटवर्क लोड बॅलन्सरवर टीसीपी लिसनर (ट्रॅफिक न उलगडता पुढे देणारा) ठेवा आणि टीएलएस थेट सर्व्हरवर संपवा. हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का याची तपासणी) एचटीटीपीएसवर न्या, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये लोड बॅलन्सरकडून येणारे 443 उघडा. ग्रुप कुठल्याच नियमाला जोडलेला नसेल तर हेल्थ चेक सुरूच होत नाहीत, म्हणून आधी एखाद्या चाचणीच्या पाथला जोडा. 'हेल्दी' दिसल्यावर सगळे ट्रॅफिक वळवा आणि मगच 80 बंद करा.

खरी मेहनत डेटाबेसच्या टप्प्यात आहे. पोस्टग्रेसच्या मूळ क्लायंट लायब्ररीत एसएसएल (टीएलएसचे जुने नाव) मोड न सांगितल्यास 'प्रिफर' असतो. टीएलएस जमले नाही तर तो गुपचूप साध्या जोडणीवर येतो, आणि लॉगमध्ये कुणी पाहत नाही. 'रिक्वायर' एन्क्रिप्ट करतो, पण एरवी समोरच्याची ओळख तपासत नाही. आमच्या मते सर्टिफिकेट आणि त्यावरचे नाव दोन्ही तपासणाऱ्या 'व्हेरिफाय-फुल' शिवाय थांबू नये. त्यासाठी अॅमेझॉनचा ग्लोबल सर्टिफिकेट बंडल (आरडीएसची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटांची फाइल) अॅपच्या इमेजमध्ये ठेवा. जुनी फाइल तशीच असेल तर बदला, कारण आरडीएसचे 2019 चे सीए (जारीकर्त्याचे मूळ) सर्टिफिकेट ऑगस्ट 2024 मध्ये संपले. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डेटाबेसला स्वतःच्या डीएनएसमध्ये छोटे नाव देऊन त्या नावाने जोडणे. सर्टिफिकेटवर ते नाव नसते, त्यामुळे जोडणी तुटते. मग वैतागून तपासणीच बंद केली जाते. तसे करू नका, आरडीएसचा मूळ एन्डपॉइंट (त्याने दिलेला पत्ता) वापरा.

डेटाबेस सर्व्हरवर टीएलएसची सक्ती सगळ्यात शेवटी. आधी काही दिवस 'पीजी स्टॅट एसएसएल' या व्ह्यूमध्ये कोणत्या जोडण्या अजून साध्या आहेत ते बघा. रात्रीच्या क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट आणि रिपोर्टिंग टूल तिथेच सापडतात. मग 'आरडीएस फोर्स एसएसएल' हा सक्तीचा पॅरामीटर 1 करा. पोस्टग्रेस 15 पासून तो आधीच 1 असतो. डिफॉल्ट पॅरामीटर ग्रुप (सेटिंगचा संच) बदलता येत नाही, स्वतःचा करावा लागतो. नवा ग्रुप लावल्यावर रीबूट लागतो, त्याची वेळ ठरवून घ्या. त्यानंतर कुणाला 'पीजी एचबीए (कुणाला जोडू द्यायचे याची पोस्टग्रेसची यादी) मध्ये नोंद नाही' असा संदेश आला तर पासवर्ड शोधत बसू नका, तो क्लायंट टीएलएसविना आला आहे.

प्रश्न : ऑफिस आणि एडब्ल्यूएसमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा (एन्क्रिप्टेड जोडणी) टाकला. पिंग चालते, एसएसएचने लॉगिन होते, पण क्लाउडवरून मोठी फाइल आणताना अडकते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : लहान पॅकेट जातात, मोठी गळतात. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा घोळ आहे. ईसी2 चे (एडब्ल्यूएसच्या सर्व्हरांचे) इंटरफेस सहसा 9001 बाइटचे असते. वायरगार्ड सुरू करणारे 'डब्ल्यूजी-क्विक' टूल हेडरसाठी त्यातून 80 वजा करून बोगद्याला 8921 देतो, पण इंटरनेटवर 1500 च्या पुढे जाता येत नाही. ऑफिसला पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणारे) ब्रॉडबँड असेल तर 1492 च. म्हणून त्यातून तेच 80 वजा करून दोन्ही टोकांच्या फाइलींत एमटीयू 1412 असा स्पष्ट लिहा. बोगद्यामागे ऑफिसचे इतर संगणक असतील तर गेटवेवर एमएसएस क्लॅम्पिंगही (टीसीपी पॅकेटमधला डेटा आधीच लहान ठेवणे) लावा. तपासायला 'तुकडे करू नको' हा पर्याय देऊन 1384 बाइटचा पिंग पाठवा. 28 बाइट हेडरचे धरून तो बरोबर 1412 होतो. आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद करू नका. 'पॅकेट मोठे आहे' हा निरोप त्यातूनच येतो.

प्रश्न : आम्ही ऑफिस ते एडब्ल्यूएस अशी डायरेक्ट कनेक्टची खासगी लाइन घेतली आहे. मग एन्क्रिप्शनची गरज काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खासगी लाइन म्हणजे वेगळा रस्ता, बंद पेटी नव्हे. डायरेक्ट कनेक्ट मुळात एन्क्रिप्ट करत नाही. 2013 मध्ये अमेरिकेची हेरसंस्था एनएसए गूगल आणि याहूच्या डेटा सेंटरमधल्या खासगी तारांवरून माहिती टिपत असल्याचे उघड झाले, तेव्हा अशाच समजुतीला तडा गेला. 10 जीबीपीएस किंवा त्याहून मोठी डेडिकेटेड (फक्त तुमची) लाइन असेल तर मॅकसेक (तारेच्या पातळीवरचे एन्क्रिप्शन) मिळू शकते, तुमचे लोकेशन आणि राउटर दोन्ही त्याला चालतात का ते आधी विचारा. 1 जीबीपीएस किंवा होस्टेड (भागीदार कंपनीमार्फत घेतलेल्या) लाइनवर आयपीसेक व्हीपीएन (एन्क्रिप्टेड बोगदा) चढवा. एका बोगद्याची नेहमीची मर्यादा 1.25 जीबीपीएस असते. मॅकसेक मात्र तुमच्या राउटरपाशी संपते, तिथून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत टीएलएस लागेलच.