गावभागातला ‘लॉफ्ट फ्लॅट’ आणि निवृत्तीचे ३४ लाख

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाई प्राथमिक शिक्षिका होत्या, आता वय ६१. यजमानांची तासगावकडे थोडी बाग. निवृत्तीचे ३४ लाख मुदतठेवीत पडून होते. मुलगा पुण्यातून दर रविवारी फोनवर एकच सांगायचा, “आई, पैसे कुजतायत, फ्लॅट घे.” सांगलीच्या गावभागात जुना वाडा पाडून नवी इमारत उठत होती आणि तिथल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी ५१ हजारांचं टोकन देऊन झालं होतं. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद. बाई माझ्याकडे सल्ल्याला आल्या तेव्हा प्रश्न नेहमीचाच होता: “सर, भरवस्तीतली जागा आहे, भाव वाढणारच ना? घेऊ की नको?”

आधी माहितीपत्रक पाहिलं. ‘लॉफ्ट फ्लॅट, ८८० चौ. फूट, ४२ लाख’. फुटाला ४,७७० च्या आसपास, म्हणजे स्वस्त वाटावं असंच. पण ८८० हा सुपर बिल्टअपचा आकडा. जिना, लिफ्ट, भिंती सगळं त्यात धरलेलं. करारनाम्याच्या मसुद्यात कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, ६१० निघालं. ४२ लाखांना ६१० ने भागलं की भाव फुटाला ६,८८५ होतो. तुलना करायची ती याच आकड्याची, शेजारच्या इमारतीशीही कार्पेटनेच.

मग तो लॉफ्ट. विक्रेता ‘वरची खोली’ म्हणून दाखवत होता, मुलगा आला की झोपायला. राज्याच्या बांधकाम नियमावलीत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायचा माळा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे पाच फुटांनाही थोडी कमी. बाईंना टेप घेऊन परत पाठवलं. वरच्या खोलीची उंची साडेसहा फूट भरली. मंजूर नकाशाच्या प्रतीत मात्र तिथे दीड मीटरचा माळा दाखवलेला. म्हणजे ती खोली कागदावर नाहीच. बँकेचा मूल्यांकनकार तिचे पैसे धरणार नाही, आणि उद्या महापालिकेची नोटीस आली तर ती फ्लॅटमालकाच्या नावाने येईल. माळ्याला खिडकी काढून कोणी ‘लॉफ्ट’ म्हणून विकत असेल तर आधी मंजूर नकाशा मागावा.

खर्चाचा हिशेब मात्र सगळ्यांनी नीट वाचावा, कारण इथे दोन गोष्टी एकमेकींत अडकतात. ४२ लाखांवर पार्किंगचे २ लाख आणि विकासशुल्काचे दीड लाख वेगळे लावले होते. एकूण ४५,५०,००० झाले. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. सांगलीसारख्या शहरात कार्पेट ९० चौ. मीटरच्या आत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर तो १ टक्का, नाहीतर ५ टक्के. हे ‘वेगळे’ पैसे एकूण किमतीतच मोजले जातात. वरच्या ५० हजारांपायी जीएसटी ४५ हजारांच्या घरातून थेट २,२७,५०० वर गेला. विक्रेत्याने हे सांगितलं नव्हतं, त्याचं त्यात काही जात नव्हतं. (पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी लागतच नाही.)

दुसरी गोष्ट मुद्रांकाची. महापालिका हद्दीत ६ टक्के. खरेदीदार फक्त बाई असेल तर राहत्या घराला १ टक्का सवलत. पण ३४ लाखांत हे घर बसत नव्हतं, म्हणून मुलगा १८ लाखांचं कर्ज काढणार होता आणि त्यासाठी त्याचं नावही करारात घालायचं ठरलं होतं. त्याचं नाव आलं की सवलत गेली, ४५,५०० रुपये वाढले. सवलत धरूनसुद्धा मुद्रांक २,२७,५००, नोंदणी ३०,०००, पंखे-ग्रिल-ओट्याखालच्या ट्रॉल्या दीड लाख. सगळं मिळून ५१,८५,०००.

आता भाडं. त्याच बोळातल्या दोन भाडेकरूंना विचारून बाईंनी महिना ११ हजारांचा आकडा आणला. वर्षातला एक महिना घर रिकामं धरायचंच. हातात आले १,२१,०००. त्यातून देखभाल १४,४००, घरपट्टी ९,०००, रंग-नळ-दुरुस्ती सरासरी ८,०००. उरले ८९,६००. ५१,८५,००० वर हे पावणेदोन टक्के सुद्धा भरत नाहीत. आणि १८ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी महिना १७,७०० च्या पुढे. भाडं हप्त्याला पुरत नाही, म्हणजे मुलाने दरमहा खिशातून घालायचे. “भाव वाढेल की,” असं तो म्हणाला. वाढेलही. पण ६१ व्या वर्षी बाईंना महिन्याचं उत्पन्न हवं होतं, आणि वाढलेला भाव विकल्याशिवाय हातात येत नाही.

यजमान इतका वेळ गप्प होते. शेवटी खरी गोष्ट त्यांनी सांगितली. “पैसा मोकळा दिसला की पावणे मागत्यात. न्हाई म्हणता येत न्हाई. फ्लॅटात घातला की तोंड बंद.”

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. निवृत्तीनंतर घेतलेल्या निम्म्या फ्लॅटांमागे हीच असावी. पण कुलूपच हवं असेल तर ते पोस्टातही मिळतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता. त्या दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० येतात. मुदतीआधी मोडलं तर पहिल्या वर्षी मिळालेलं व्याज कापून घेतात, दुसऱ्या वर्षी दीड टक्का, पुढे १ टक्का. “पाच वर्षं अडकलेत” हे पाहुण्यांना सांगायला पुरेसं आहे, आणि ते खोटंही नाही.

कागदांनी उरलासुरला प्रश्न मिटवला. वाड्याच्या मिळकतपत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मालकांची सात नावं, बिल्डरशी केलेल्या विकसन करारावर सह्या पाच. राहिलेल्या दोघी लग्न होऊन गेलेल्या बहिणी. “त्यांचं काही म्हणणं नाही” असं तोंडी सांगितलं गेलं. म्हणणं नसेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, एवढंच. भूखंड ४२० चौ. मीटरचा, म्हणून प्रकल्पाची महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणीच नव्हती. यात बेकायदा काही नाही. ५०० चौ. मीटरपर्यंतच्या किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला ती सक्तीची नसते. पण पेठांमधले भूखंड बहुतेक असेच लहान, त्यामुळे जिथे मालकीची गुंतागुंत जास्त तिथेच हे संरक्षण नसतं. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) घेतल्याशिवाय अशा जागी इसार देऊ नये.

आणि पाणी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. “आपण चौथ्या मजल्यावर” हे उत्तर अपुरं आहे. वीजमीटरचा बोर्ड, लिफ्टचा खड्डा, पाण्याची जमिनीखालची टाकी हे सगळं तळमजल्यावर असतं. ते बुडालं की चौथ्या मजल्यावरचा भाडेकरूही सामान बांधतो. शेजारच्या जुन्या भिंतीवरची पुराची खूण बघावी, मीटर तिच्या वर आहेत का ते पाहावं. महापालिकेच्या नगररचना विभागात निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मिळतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. इथे मीटर कमरेएवढ्या उंचीवर लावलेले होते.

टोकन परत मागताना मालकीतल्या त्रुटीचं कारण लेखी द्यायला सांगितलं. “मन बदललं” असं लिहिलं असतं तर पैसे अडकले असते. दोन हप्त्यांत ५१ हजार आले. ३० लाख पोस्टात गेले, ४ लाख बँकेत राहिले.

मुलाचा घराचा नाद मात्र सुटलेला नाही. आता तो स्वतःच्या कर्जाने विश्रामबागेतला २००९ सालचा पहिल्या मजल्यावरचा जुना फ्लॅट बघतोय. भोगवटा प्रमाणपत्र आहे, जीएसटी नाही, भाडेकरू आत राहतोय. फक्त जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे दिल्याचं सचिव सांगतात. त्या अर्जाची पोच मागितली आहे. ती हातात पडेपर्यंत इसार द्यायचा नाही, असं बाईंनीच मुलाला सांगितलंय.